चित्र नंतर, आधी समास: मुंबईत छापील चित्रं जमवायला लागताना

माझ्या संग्रहातल्या पहिल्याच चित्राचा समास मी पदरचे पैसे देऊन कापून घेतला. पुण्याच्या चित्रशाळेत छापलेलं रामपंचायतन होतं. गिरगावातल्या आमच्या चाळीत एका बिऱ्हाडाने खोली सोडताना ते आईला दिलं होतं. काच तडकलेली, म्हणून मी ते जवळच्या फ्रेमवाल्याकडे टाकलं. चार दिवसांनी चकचकीत सोनेरी पट्टीत चित्र परत आलं तेव्हा खालची बोटभर पांढरी पट्टी गायब. "तयार फ्रेमचं माप होतं ना ताई, जास्तीचा कागद काढून टाकला," तो म्हणाला. त्या जास्तीच्या कागदावर छापखान्याचं नाव होतं. चित्र कुठलं ते मला ठाऊक आहे, पण दुसऱ्याला दाखवायला आता माझ्याकडे काही उरलेलं नाही.

नव्याने या नादाला लागणाऱ्याला म्हणून मी सगळ्यात आधी हेच सांगते, की चित्रातल्या देवाकडे मागाहून बघा, आधी कागदाच्या कडा बघा. देव तर छापील आहे, तोच चेहरा आणखी हजार घरांत असेल. तुमच्या हातातली प्रत कुठली, कधीची, किती धड, हे कडा, पाठ आणि शाईचे ठिपके सांगतात.

हातात नेमकं काय आहे

मराठी माणसाला लिथोग्राफ हा शब्द परका वाटतो, पण 'शिळाछाप पोथी' म्हटलं की लगेच कळतं. गोष्ट तीच. १७९६ च्या सुमाराला आलॉइस झेनेफेल्डर या जर्मन माणसाने ही युक्ती शोधली. बव्हेरियातल्या गुळगुळीत चुनखडीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वरून तेलकट शाई फिरवायची. पाणी शाईला झिडकारतं, खडूची रेघ तिला धरून ठेवते. वर कागद ठेवून दाब दिला की चित्र उतरलं. आपल्या मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली याच तंत्राने मराठी पंचांग छापलं होतं.

रंगीत चित्र हवं तर प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. एका लक्ष्मीच्या साडीला, कमळाला, हत्तीला, आभाळाला मिळून डझनभर दगड सहज लागत, आणि प्रत्येक वेळी कागद त्याच जागी बसायला हवा. तो केसभर सरकला की लक्ष्मीच्या ओठांचा रंग ओठांबाहेर जातो. अशा रंगीत शिळाछापावर वार्निश चढवून, कधी कॅनव्हाससारखी पोत दाबून तैलचित्राचा आभास आणला की त्याला ओलिओग्राफ म्हणतात. आजीच्या देवघरातली बरीचशी जुनी चित्रं ही अशी.

दुसरी जात तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्रांची. पत्रा कागदात दाबला जातो, त्यामुळे चित्राभोवती चौकोनी खळगा उमटतो. बोटाने हलकेच चाचपलं तर कळतो. थॉमस आणि विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांची घारापुरी आणि कान्हेरीची दृश्यं या जातीतली, ॲक्वाटिंट, म्हणजे पत्र्यावर आम्लाने छटा आणलेली. दुकानदार सरसकट सगळ्याला 'लिथो' म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका, आपल्या मनात बरोबर नोंद ठेवा म्हणजे झालं.

भिंग विकत घ्या, चित्र नंतर

झवेरी बाजाराच्या आसपास सोनारांची हत्यारं विकणारी दुकानं आहेत. तिथून दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सोबत नोटा तपासायची जांभळी टॉर्च घ्या. दोन्ही मिळून एका बऱ्या जेवणाइतका खर्च येतो. पहिला महिना घरातच घालवा. लग्नपत्रिका, कॅलेंडर, वाणसामानाच्या पिशव्या, दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, जे सापडेल त्यावर भिंग धरा.

आजच्या ऑफसेट छपाईत तुम्हाला ठिपक्यांची रांगोळी दिसेल. निळे, गुलाबी, पिवळे, काळे ठिपके, सगळे मापात, रांगेत, मधे मधे फुलं झाल्यासारखे. शिळाछापात असं नसतं. तिथे ठिपके रवा सांडल्यासारखे पडतात. कुठे दाट, कुठे विरळ, एकही दुसऱ्यासारखा नाही, कारण ते माणसाने हाताने मारलेले किंवा दगडाच्या खरखरीत पृष्ठभागाने दिलेले असतात. गालावरची छाया भिंगाखाली बघा, तिथे हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो. संगणकाच्या प्रिंटरवर काढलेल्या नकलेत ठिपक्यांऐवजी शाईचा बारीक फवारा दिसतो, आणि रेघेची कड जवळून पाहिली तर धुकट.

चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवरच्या एका दुकानात मी सरस्वतीचं एक चित्र असं तपासलं होतं. जुनी सागाची फ्रेम, मागे काळवंडलेली फळी, गंजलेले खिळे, काचेच्या आत धुळीची रेघ, सगळं कसं शंभर वर्षांपूर्वीचं. मी भिंग वीणेच्या तारांवर धरलं आणि खाली शिस्तीत रांगोळी! फ्रेम खरोखरच जुनी होती, आतला कागद गेल्या काही वर्षांतला. मी काही न बोलता चित्र परत ठेवलं. दुकानदार चाचांनीही काही न बोलता चहा मागवला.

इथे एक गफलत नवखे नेहमी करतात. रांगोळीचे ठिपके दिसले की 'खोटं' असा शिक्का मारतात. विसाव्या शतकात छायाचित्रणाच्या साहाय्याने छपाई वाढत गेली आणि १९४०-५० च्या दशकांतल्या कितीतरी अस्सल कॅलेंडरांवर असेच ठिपके आहेत. चित्रकार मुळगावकरांचं एखादं जुनं कॅलेंडर ठिपक्यांचं आहे म्हणून नकली ठरत नाही. ते शिळाछाप नाही एवढंच. ठिपक्यांवरून तंत्र कळतं. वय ठरवायला कागद बघावा लागतो.

तिथे टॉर्च कामाला येते. १९५० नंतरच्या बऱ्याच कागदांत पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात आणि ती या उजेडात निळसर चमकतात. अठराशे नव्वदचं म्हणून दाखवलेलं चित्र अंधारात धुतलेल्या बनियनसारखं लखलखलं तर दुकानदाराला नमस्कार करून निघा. चमकलं नाही म्हणून जुनंच असेल अशी हमी मात्र नाही.

आणि पुन्हा समास. रविवर्मा प्रेसच्या चित्रांवर खाली बारीक अक्षरांत छापखान्याचं नाव आणि ठिकाण असतं. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, प्लेगच्या दिवसांत लोणावळ्याजवळ, कार्ल्यालगतच्या मळवलीला गेला, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्मांनी तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला. म्हणून 'मुंबई' लिहिलेली प्रत साधारणपणे आधीची आणि 'कार्ला-लोणावळा' लिहिलेली नंतरची. रविवर्मा १९०६ मध्ये वारले, छापखाना त्यानंतर कितीतरी वर्षं चालला आणि त्याने धुरंधरांसारख्या दुसऱ्या चित्रकारांचीही चित्रं छापली. तेव्हा 'रविवर्मा प्रेस' एवढ्या दोन शब्दांवर 'रविवर्मांचं चित्र' म्हणून भाव लावत असतील तर सही कुठे आहे, रेखाटन कुणाचं आहे, हे शांतपणे विचारा. मळवलीच्या छापखान्याला १९७२ मध्ये आग लागली. जुने दगड आणि प्रती त्यात गेल्या, हेही दुकानदार सांगतात आणि ते खरं आहे. फक्त त्यावरून तुमच्यासमोरची प्रत दुर्मीळ ठरत नाही.

पाय दुखेपर्यंत बघा

घ्यायची घाई नको. भायखळ्याला राणीच्या बागेच्या दारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ सालचं. जुन्या मुंबईची दृश्यं, नकाशे तिथे बघा. काळा घोड्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, समोर आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय, पलीकडे जहांगीर आर्ट गॅलरी. एका रविवारी तिन्ही होतात. काचेमागचं चित्र बघताना चार पावलं मागून एकदा आणि नाक काचेला लागेल इतकं जवळून एकदा बघा. खऱ्या जुन्या कागदाचा पिवळेपणा एकसारखा नसतो, कडेला जास्त आणि फ्रेमखाली झाकलेल्या जागी कमी असतो. चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला कागद सगळीकडे सारखाच म्हातारा दिसतो. शंभर खऱ्या गोष्टी बघितलेल्या डोळ्याला खोटी आपोआप खुपते. या कामाला दुसरा कुठला क्लास नाही.

मग एक धागा धरा. 'जे आवडेल ते' घेणाऱ्याचं घर वर्षभरात भरतं आणि संग्रह होत नाही. मुंबईत राहणाऱ्याला तीन-चार धागे सहज हाताशी आहेत. जुन्या मुंबईची दृश्यं हा एक. १८२६ च्या सुमारास जे. एम. गोन्सालव्हिस यांनी मुंबईची शिळाछाप दृश्यं काढली, ती अस्सल रूपात तुम्हाआम्हाला परवडायची नाहीत. पण १८४२ पासून निघालेल्या इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमधली मुंबईची पानं मिळतात, कारण ते साप्ताहिक ढिगाने छापलं जायचं. ही लाकडी ठशांवरची काळी-पांढरी कोरीव छपाई आहे. रंगीत पान दिसलं तर तो रंग बहुतेक वेळा अलीकडे कुणीतरी ब्रशने भरलेला असतो. काळं-पांढरंच घ्या, स्वस्तही पडतं.

दुसरा धागा पौराणिक ओलिओग्राफचा. त्यात चित्रशाळेचाच उपधागा धरता येईल. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली, आणि देवांबरोबर नाना फडणीस, शिवाजी महाराज घराघरांच्या भिंतींवर नेले. काही प्रतींवर बायकांनी जर, टिकल्या, मखमलीचे तुकडे चिकटवलेले असतात. पूर्वी लोक ते 'खराब' समजून काढून टाकत. काढू नका, आज अशा प्रती मुद्दाम शोधल्या जातात.

तिसरा, माझा सगळ्यात लाडका, कापडाच्या ताग्यावर चिकटवायच्या रंगीत लेबलांचा. मँचेस्टरचे व्यापारी आणि मुंबईच्या गिरण्या आपापली ओळख पटावी म्हणून ताग्यावर देव, राण्या, वाघ, आगगाड्या छापून लावत. तळहाताएवढा कागद, त्यावर अस्सल रंगीत शिळाछाप, आणि अजूनही काही शेकड्यांत मिळतो. वन-रूम-किचनमध्ये राहणाऱ्यांसाठी तर हा संग्रह देवाने पाठवलेला आहे, सगळा एका फाइलमध्ये मावतो.

चोर बाजारात

भेंडी बाजाराकडून मटण स्ट्रीटला या. शुक्रवारी दुकानं बंद असतात आणि पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो, तिथे गर्दीत कागद बघणं कठीण. नवख्याने आठवड्यातला दुसरा वार धरावा, सकाळी अकरानंतर. पहिल्या फेरीत एकही पैसा खर्च करायचा नाही असं ठरवून जा आणि पाळा. चित्र मागताना 'रविवर्मा आहे का' असं विचारू नका. असं विचारलं की रविवर्मा निघतोच. 'पुराने कागज, लेबल, कॅलेंडर' म्हणा आणि गठ्ठा स्वतः चाळा.

चित्र फ्रेममध्ये असेल तर फ्रेम उघडून दाखवायला सांगा. यात अपमान काही नाही, नेहमीचा दुकानदार स्वतःहून पक्कड काढतो. उघडल्यावर क्रमाने चार कडा बघा, समास किती उरलाय ते बघा, मग उलटं करून पाठ बघा. पाठीमागे पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवलेलं असेल तर किंमत बरीच खाली यायला हवी, कारण ते सोडवणं जाणत्याचं काम आहे. उजेडासमोर धरा, कसरीने खाल्लेली भोकं ताऱ्यांसारखी दिसतात. नाकाशी न्या, बुरशीचा कुबट वास लपत नाही. 'उघडलं तर फाटेल' म्हणणाऱ्याकडून घेऊ नका, मग चित्र कितीही गोड असो.

घासाघीस करा, पण निम्म्यावर आणण्याचा हट्ट धरू नका. मी दोष मोठ्याने मोजत नाही, बोट ठेवून नुसतं दाखवते. आणि बिल मागा. साध्या कागदावर का होईना, दुकानाचं नाव, तारीख, काय घेतलं, रक्कम. पहिल्या वर्षी एका वस्तूवर दोन-तीन हजारांच्या वर जायचं नाही, हा माझा नियम अनेकांनी मोडला आणि मग मला फोन केला.

रीगल थिएटरसमोरचं फिलिप्स हे जुन्या नकाशांचं आणि चित्रांचं दुकान १८६० पासूनचं. तिथे भाव ठरलेले असतात, पण गोष्ट काय आहे ते लिहिलेलं मिळतं, ते वाचूनही शिकता येतं. लिलावांचं एवढंच सांगते, की हातोडा पडतो त्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन आणि कर चढतो. बोली लावायच्या आधी तो हिशोब कागदावर मांडा.

आजची मुद्राचित्रं

जुन्याच्या नादात लोक हे विसरतात की मुंबईत आजही कलावंत दगड, पत्रा आणि लाकूड घेऊन मुद्राचित्रं, म्हणजे स्वतः छापलेली चित्रं, करत बसलेले आहेत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या वार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रणाच्या विद्यार्थ्यांची कामं लागतात. आवडलेल्या कामाबद्दल त्या मुलाला किंवा मुलीला सरळ विचारा. जहांगीरच्या बाहेर फुटपाथवरही चित्रकार बसतात. स्वतः छापणाऱ्याच्या तोंडून तंत्र ऐकायला मिळणं हे जुन्या चित्रांच्या बाबतीत कधीच शक्य नसतं.

मुद्राचित्राच्या खाली पेन्सिलीने १२/५० असं काही लिहिलेलं असतं. एकूण पन्नास प्रती, त्यातली ही बारावी. बाराव्या आणि चाळिसाव्या प्रतीत दर्जाचा फरक असतोच असं नाही, कमी आकड्याच्या मागे लागू नका. 'ए.पी.' म्हणजे कलावंताने स्वतःसाठी ठेवलेली प्रत. आकड्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. कलावंताने मुद्राचित्र म्हणूनच हे केलंय की आधीच्या चित्राची ही छापील नक्कल आहे? अंधेरीत राहून चित्रकार चित्तप्रसादांनी लिनोलियमच्या मऊ तुकड्यांवर स्वतः कोरलेली चित्रं पहिल्या प्रकारातली. नावाजलेल्या चित्रकाराच्या तैलचित्रावरून प्रिंटरवर काढलेली, मोठ्या आकड्याची, खाली सही ठोकलेली प्रत दुसऱ्या प्रकारातली. ती भिंतीवर छान दिसते, जरूर घ्या, पण पोस्टरहून थोडी वरची म्हणून घ्या. आणि सही भिंगाखाली बघा. पेन्सिलीची चकाकी आणि कागदावरचा दाब दिसला पाहिजे. सहीतही ठिपके दिसले तर तीही छापलेलीच आहे.

घरी आणल्यावर

इथे मुंबई तुमच्या विरोधात उभी आहे. चार महिने पाऊस, भिंतींना ओल, समुद्राची खारी हवा. मी चित्रांपेक्षा चित्रं वाचवण्यावर जास्त शिकले.

सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन या तिघांना घरातल्या कागदाजवळ फिरकू देऊ नका. सेलोटेपचा डाग काही वर्षांत मधासारखा पिवळा होतो आणि निघत नाही. लॅमिनेशन केलेलं चित्र तर गेलंच समजा. ओल्या फडक्याने ओलिओग्राफ पुसू नका, वार्निशबरोबर रंग येतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ उडवा आणि थांबा. तांबूस ठिपके, चिकटलेली पाठ, फाटलेली कड यांना स्वतः हात लावू नका. काळा घोड्याच्या वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र बाहेरच्यांचीही कामं घेतं, आधी विचारून जा.

फ्रेमवाल्याला तोंडी सांगू नका, चित्राच्या मागे ठेवायच्या चिठ्ठीवर लिहून द्या: 'कागद कापायचा नाही. चिकटवायचा नाही.' ॲसिड फ्री माउंट बोर्ड, म्हणजे आम्ल नसलेला जाड पुठ्ठा मागा, पुढे खिडकी कापलेला आणि मागेही. हार्डबोर्ड किंवा प्लाय थेट चित्राला लागता कामा नये, त्यातलं आम्ल कागदाला तपकिरी करतं. चित्र वरच्या दोन टोकांना जपानी कागदाच्या छोट्या बिजागऱ्यांनी, गव्हाच्या खळीने अडकवतात, बाकी मोकळं लोंबू देतात. दमट हवेत कागद फुगतो-आकसतो, त्याला जागा लागते. माउंटमुळे काच चित्रापासून दूर राहते, ते फार गरजेचं, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला डकतो. माउंटची खिडकी जरा मोठी कापायला सांगा, म्हणजे समास आणि त्यावरची अक्षरं दिसत राहतात.

पाऊस झोडपतो त्या भिंतीवर चित्र लावू नका, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर तर नकोच. आतली भिंत निवडा. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, हवा खेळती राहते. ऊन थेट पडू देऊ नका, गुलाबी आणि जांभळा रंग सगळ्यात आधी उडतात. फ्रेम न केलेली चित्रं आडवी ठेवा, सुरळी नको. डांबरगोळ्या फाइलमध्ये टाकायच्या नाहीत. गणपतीनंतर एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा प्रत्येक फ्रेमची पाठ बघा. वाळवी आणि कसर मागूनच येतात.

परदेशी असलेल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा बेत असेल तर थांबा. पुरावस्तू आणि कलानिधी यांबाबतच्या १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. घरात बाळगायला हरकत नाही. वयाबद्दल शंका असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून 'ही पुरावस्तू नाही' असा दाखला घ्यावा लागतो, विमानतळावर समजावून चालत नाही.

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक चित्राला एक पान. कधी, कुठून, केवढ्याला घेतलं, माप किती, तंत्र कोणतं वाटतं, समासातली अक्षरं जशीच्या तशी, दोष कुठे. मोबाइलवर पुढचा-मागचा फोटो, आणि फ्रेमवाल्याकडे देण्यापूर्वी चारही कडांचे वेगळे फोटो. माझ्या वहीतलं पहिलं पान रामपंचायतनाचं आहे. 'समासातला मजकूर' या ओळीसमोर मी आईला जेवढं आठवलं तेवढं लिहून ठेवलंय, आणि पुढे कंसात: 'आईच्या सांगण्यावरून'.